तिचं वॉशिंग मशीन

बँकेने घरकर्ज नाकारलं तेव्हा मला आधी हसूच आलं. आमच्या ह्यांना उधारीचं इतकं वावडं, की साधं वाण्याकडेही आमचं खातं नाही. आणि ह्यांच्या नावावर थकलेले हप्ते?

बँकेतल्या बाईंनी क्रेडिट रिपोर्ट छापून हातात ठेवला. त्यात आमचं एकच कर्ज होतं, फ्रिजचं, वेळेआधी फेडलेलं. बाकीची तीन भलत्याच कोणाची. नाव-आडनाव तेच, जन्मतारखेत एका आकड्याचा फरक, पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा.

"दोन माणसांची खाती एकत्र झालीत," बाई म्हणाल्या. "ही कर्जं आपली नाहीत, अशी तक्रार नोंदवा. दुरुस्तीला महिनाभर लागेल."

घर विकणारा मात्र तेवढा थांबायला तयार नव्हता.

तक्रार ह्यांनी भरली, मी नुसता रिपोर्ट वाचत बसले. घरगुती वस्तू. दुचाकी. सहल. न राहवून मी ती तिन्ही कर्जं देणाऱ्या कंपनीला ह्यांचं नाव सांगून फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "वॉशिंग मशीन आहे मॅडम, पुढून उघडणारं. स्कूटर लेडीज मॉडेल. सहल दोघांची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इकडे मी चादरी पिळून मनगटं सुजवून घेते आणि तिकडे कोणी बाई बटण दाबून खुर्चीत बसते! "तुमच्याच नावाचा माणूस," मी ह्यांना म्हटलं, "बायकोसाठी काय काय करतो बघा."

"हप्ते बुडवतो तो."

"बुडवतो, पण आधी आणून देतो तरी!"

हे रिपोर्टाची घडी घालू लागले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या वाकड्या काड्या सरळ करणारा माणूस, भांडायलाही उपयोगाचा नाही.

आठवडाभर मी त्या बाईशी मनातल्या मनात भांडले. तिला स्कूटरवरून गावभर फिरवलं, डोंगरावर नेऊन तिचे फोटो काढले. जळत होते मी, सरळ सांगते. शेवटी म्हटलं, 'ही कर्जं माझी आहेत' असं त्या माणसाकडून लिहून आणू, काम लवकर होईल. ह्यांना ते पटलं. मला खरं तर तिला बघायचं होतं, आणि हप्त्यांवरून चार शब्द सुनवायचे होते.

"मी खालीच थांबतो," हे म्हणाले. "दोघं वर गेलो तर वसुलीवाले वाटू."

तिने दार उघडलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. बोटांना भेगा. मागे बादलीच्या काठावर अर्धी पिळलेली चादर लोंबत होती.

"ते कामासाठी बाहेरगावी असतात," ती म्हणाली. "महिन्यातून एकदा येतात. काय काम होतं?"

माझी नजर बादलीवरच होती. तोंडातून निघून गेलं, "मशीन बिघडलं का तुमचं?"

"कुठलं मशीन?"

"हप्त्यांवर घेतलेलं. वॉशिंग मशीन. आणि ती स्कूटर..."

ती हसली. "अहो ताई, आमच्याकडे कुठली स्कूटर? पैशांची ओढाताण आहे म्हणूनच तर ते एवढ्या लांब..." बोलता बोलता तिने माझ्या हातातला रिपोर्ट घेतला आणि वाचत गेली. सहलीच्या तारखेवर तिचं ओलं बोट थांबलं.

"तेव्हा मी दवाखान्यात होते. सुट्टी मिळाली नाही म्हणाले."

"चूक असेल," मी घाईघाईने म्हटलं. "या रिपोर्टात वाटेल त्या चुका असतात. आमचंच बघा ना, दुसऱ्याची कर्जं ह्यांच्या नावावर पडलीत!"

"पत्ता बरोबर आहे," ती म्हणाली.

मग तिने हात कोरडे केले, पेन मागितलं आणि मी न मागताच लिहून दिलं, "ही तिन्ही कर्जं माझ्या नवऱ्याची आहेत." खाली सही. ज्यासाठी आले होते ते मिळालं होतं, आणि मला तो कागद हातात घेववत नव्हता.

ती खिडकीशी गेली. खाली हे माझी पिशवी खांद्याला लावून उभे होते, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत.

"ते तुमचे का?"

"हो."

"नावही तेच?"

"तेच."

मी निघते म्हटलं, पण तिने मान वळवली नाही. ती ह्यांच्याकडे बघतच राहिली. आठवडाभर मी तो रिपोर्ट अशीच बघत होते.