एक सोडून

"पाय पुढे या! डोळे मागे थांबा! कान कुठे गेले? ओ कान, ऐकू येत नाही का?"

कंपाउंडर असं ओरडत होता. माणसांना, बरं का! सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबलचक व्हरांड्यात साठ-सत्तर माणसं भिंतीला टेकून उभी, कुणी कुबडीवर, कुणी लेकीच्या खांद्यावर, आणि हा पठ्ठ्या त्यांना अवयवाने हाक मारतोय. आणि माणसंही बिचारी पुढे होतायत. एक जण पाय, एक जण हात.

टाचणी पायांच्या रांगेत होती. टाचणी म्हणजे टेलरिंगच्या दुकानात काम करते ती. अंगाने बारीक, बोलायला टोकदार, म्हणून दुकानातल्या मास्तरांनीच नाव ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की घरी भाऊ आणि वहिनीपण तेच म्हणायला लागले. लहानपणी तिला ताप आला, त्यानंतर उजवा पाय आपला वाढत राहिला आणि डावा मध्येच कंटाळला. चौदा वर्षं पायमशीन चालवते एका पायावर, आणि शिवते अशी की गिऱ्हाईक मास्तरांना सांगतं, "कोट तिच्याकडेच द्या हं."

सोबत वहिनी होती. हातात पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये दहा झेरॉक्स, आणि तोंडात एकच वाक्य. "टाचणे, आज भांडू नकोस हं. माझ्या गळ्याची शपथ."

वहिनीला भीती वाटायचं कारण होतं. हा तिसरा बुधवार. अपंगत्वाचं सर्टिफिकेट फक्त बुधवारीच मिळायचं. पहिल्या बुधवारी म्हणाले, फोटो पासपोर्टचा नको, पूर्ण उभा हवा, पाय दिसला पाहिजे. दुसऱ्या बुधवारी डॉक्टर रजेवर, आणि ते सांगितलं कधी, तर दुपारी दोनला. आणि लिफ्टवर कागद चिकटवलेला: लिफ्ट बंद आहे, जिन्याचा वापर करावा. आता सांगा! जिना चढता येत नाही हे ज्याला सिद्ध करायचंय, त्याने आधी जिना चढायचा. आणि चढून वर पोचला की कंपाउंडर म्हणणार, "आलात की चढून! मग काय झालंय तुम्हाला?"

पण आज सर्टिफिकेट मिळालंच पाहिजे होतं. सरकारी प्रशिक्षण केंद्रात शिवणवर्गाला शिक्षिका हवी होती, जागा एकच, आणि ती अपंगांसाठी राखीव. अर्जाची शेवटची तारीख आज, खिडकी चारला बंद. अर्ज भरून तयार, फोटो चिकटवलेला, मास्तरांचं अनुभवाचं पत्र जोडलेलं. फक्त सर्टिफिकेट नाही. आणि तेही चाळीस टक्क्यांच्या वरचं. एकोणचाळीस असलं तरी फुकट. टाचणीला ती नोकरी किती हवी होती म्हणून सांगू! स्वप्नात फळा यायचा तिच्या. फळ्यावर ती बाहीचा आकार काढतेय आणि पंचवीस मुली वहीत उतरवतायत.

रांगेत तिच्या पुढे एक काका होते, रिटायर्ड पोस्टमन. सायकलवरून पडून मांडी मोडलेली आणि हाड बसवताना आखूड बसलं. पण गडी मजेशीर.

"माझी चौथी खेप," ते म्हणाले. "काय आहे माहितीये का, माझा पाय वाढतोय."

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"आधी अडीच इंच आखूड होता म्हणे. नंतर मोजला तर दीडच. मागच्या खेपेला परत अडीच. मापं जुळत नाहीत म्हणून दर वेळी परत पाठवतात. अडुसष्टाव्या वर्षी उंची वाढतेय माझी! बायको म्हणते, लग्नाच्या वेळी वाढली असती तर बरं झालं असतं."

सगळी रांग हसली. टाचणी पण हसली, पण तिच्या डोक्यात काहीतरी खुट्ट झालं. एका इंचाचा फरक? बरोब्बर एक? चुकलं तर पाव इंच चुकावं, अर्धा चुकावा. पण तेवढ्यात काकांना आत बोलावलं. तीन मिनिटांत ते बाहेर. तोंड पडलेलं.

"वाढला?" टाचणीने विचारलं.

"वाढला परत," काका म्हणाले आणि बाकावर बसले.

"पुढचा पाय!" कंपाउंडर ओरडला.

आत खोलीत एक टेबल, टेबलामागे डॉक्टर, बाजूला तपासायचा पलंग. दार सताड उघडं, पडदा नावाला. डॉक्टर तरुणच होता, पांढरा कडक इस्त्रीचा कोट, नवा कोरा. मान वर न करता म्हणाला, "चालून दाखव."

ती चालली.

"नीट चाल. मुद्दाम लंगडू नकोस, आम्हाला सगळी नाटकं कळतात."

वहिनीने मागून तिचा कुर्ता ओढला. टाचणी गप्प बसली. जीभ दाताखाली धरून गप्प बसली, तुम्हाला माहीत नाही तिला किती कष्ट पडले असतील ते.

"झोप वर. पँट वर कर. अगं आणखी! लाजतेस काय, आम्ही रोज शंभर पाय बघतो."

दारातून रांग बघतेय. ती झोपली. कंपाउंडरने टेप काढली, कमरेच्या हाडावर टेकवली, घोट्यापर्यंत नेली. "उजवा, तेहेतीस!" डॉक्टरने लिहिलं. मग डावा. टेप टेकवली, आणि डॉक्टर म्हणाला, "चहा सांगितलास का रे?" "सांगितला साहेब, बिनसाखरेचा. डावा, साडेएकतीस!"

"दीड इंच," डॉक्टर म्हणाला. "तीस टक्के. चला, पुढचा."

"अडीच," टाचणी म्हणाली.

"काय?"

"अडीच इंच आहे साहेब. दीड नाही."

"टाचणे!" वहिनी.

"तू मोजलास?"

"दर वेळी मोजते. माझ्या पँटी मीच शिवते. डावा पाय अडीच इंच आखूड कापते, दहा वर्षं झाली. दीड कापला तर जमिनीवर लोळेल."

डॉक्टर पहिल्यांदा वर बघून हसला, पण छान नाही, वाकडं. "चाळीस नाही मिळाले की सगळ्यांचाच पाय आखूड होतो. इथे माप आम्ही घेतो. ऊठ."

टाचणी उठली, आणि उठता उठता तिची नजर टेपवर गेली. टेपच्या टोकाची पितळी पट्टीच नव्हती! टोक फाटलेलं, दोरे लोंबतायत, आणि टेप सुरू होत होती एकाच्या आकड्यापासून. पहिला इंच गायब!

"साहेब, ह्या टेपला पहिला इंच नाहीये."

"मला माहितीये ते," कंपाउंडर चिडला. "मी एक वजा करूनच सांगतो. पंधरा वर्षं करतोय, तू कोण शिकवणार?"

"उजव्याला केलंत. डाव्याला राहिलं."

"केलं!"

"चहाचं बोलत होतात तेव्हा राहिलं."

"ओ बाई, बाहेर व्हा. रांग आहे मागे."

"आमच्या दुकानात पण टेप फाटते हो," टाचणी म्हणाली. आता तिला थांबवणं वहिनीच्याच काय, कुणाच्याच हातात नव्हतं. "पण मास्तरांचा नियम आहे. फाटकी टेप असली की प्रत्येक मापाला मोठ्यांदा म्हणायचं, 'एक सोडून.' छाती, एक सोडून, छत्तीस. बाही, एक सोडून, बावीस. नाही म्हटलं तर विसरतोच माणूस. मी विसरलेय. एका साहेबांचा कोट एका बाजूला टेबलक्लॉथ झाला होता."

दारात कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरने घंटी वाजवायला हात पुढे केला आणि कोटाची बाही मनगटावरून मागे सरकली. टाचणीची नजर तिथेच अडकली.

"साहेब, कोट नवीन आहे ना? डावी बाही आखूड शिवलीये तुमची. अर्धा इंच."

डॉक्टरचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने दोन्ही हात पुढे करून बघितले. "मी तेच सांगत होतो त्या टेलरला!" एकदम वेगळाच आवाज निघाला त्याचा. "तो म्हणतो, साहेब, तुमचा खांदाच तिरका आहे."

"खांदा सरळ आहे तुमचा. बाहीच चुकलीये. मोजून घ्या ना ह्यांच्याकडून, आत्ता. दोन मिनिटं."

आणि खरंच, तो डॉक्टर उभा राहिला हो! साठ माणसांना ताटकळत ठेवून स्वतःची बाही मोजायला उभा राहिला. कंपाउंडरने फुगून टेप काढली. खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत. "उजवी, चोवीस!" मग डावीकडे आला, टेप लावली, आणि टाचणी अगदी गोड आवाजात म्हणाली, "दादा, चहा अजून आला नाही का हो?"

"येईल की, कॅन्टीनवाला नेहमीच उशीर करतो. डावी, साडेचोवीस!"



डॉक्टरने डाव्या हाताकडे बघितलं. उजव्या हाताकडे बघितलं. "साडेचोवीस? म्हणजे डावी लांब? अरे, आखूड आहे, डोळ्यांना दिसतेय!"

"एक सोडलात का?" टाचणीने विचारलं.

 कंपाउंडर नुसता टेपकडे बघत राहिला.

दारातून आवाज आला, पोस्टमनकाकांचा. "साहेब, तुमचा पण हात वाढतोय बघा! फोटो काढून घ्या, पूर्ण उभा!"

काय हसली सगळी रांग! पाय हसले, हात हसले, मागे थांबवलेले डोळे 'काय झालं, काय झालं' विचारत हसले. वहिनीने तोंडावर पदर दाबला, पण पोट हलत होतं तिचं.

डॉक्टर खाली बसला. माफी वगैरे काही मागितली नाही हं, तसली आशाच नको. कानाच्या पाळ्या मात्र लाल. "दुसरी टेप आहे का?" त्याने कंपाउंडरला विचारलं. नव्हती. अख्ख्या दवाखान्यात पाय मोजायची ती एकच टेप!

टाचणीने पर्समधून आपली काढली. पिवळी, दोन्ही टोकांना पट्टी. उजवा तेहेतीस, डावा साडेतीस. डॉक्टरने स्वतः वाकून आकडा वाचला. अडीच. कागदावर दीड खोडला, बेचाळीस टक्के लिहिले, सही केली, शिक्का मारला. झालं! तीन बुधवार आणि तीन मिनिटं.

वहिनीने कागद हातात येताच तो फाईलमध्ये घातला, फाईल पिशवीत, पिशवी काखेत. "चल. साडेबारा झालेत. चल आधी."

आणि काका दारात उभे होते.  नुसते उभे.

"ह्यांचा?" टाचणीने डॉक्टरला विचारलं.

"पुढच्या बुधवारी. टेप मागवतो."

"जिना चढून यायचं त्यांनी पाचव्यांदा?"

"मग तुझी टेप ठेवून जा."

"टेप नाही ठेवत मी कुणाकडे," टाचणी म्हणाली. "टेप माझी, माप मी घेते. तुम्ही वाचा आणि लिहा."

वहिनीने कपाळावर हात मारला. पण पिशवी खाली ठेवली आणि पुढे होऊन दाराचा पडदा ओढला. नीट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि पडद्याबाहेर उभी राहून म्हणाली, "एकेकाने आत जायचं. तुमचं नाव काय दादा? तुमचं? नावाने बोलावणार आहे मी, अवयव-बिवयव नाही." कंपाउंडर बघतच राहिला.

बावीस जण मोजले टाचणीने. काकाही अडीच इंच निघाले, त्यांना मिळाले चाळीसच्या वर. बाकीच्यांत सगळ्यांना मिळाले असं नाही. एका बाईंचा फरक खरंच पाऊण इंच होता, त्या रडल्या, टाचणीने दोनदा मोजलं तरी पाऊणच आला. पण निदान तो त्यांचाच पाऊण इंच होता. शेवटी तिने ती फाटकी टेप घेतली आणि पर्समधल्या कात्रीने तिचे चार तुकडे केले.

"सरकारी वस्तू आहे ती!" कंपाउंडर ओरडला.

"मग सरकारला सांगा, एक सोडून घ्या म्हणावं."

निघताना डॉक्टरने हळूच विचारलं, "ही बाही दुरुस्त होईल का?"

"होईल की. दुकानात या. थोडं रांगेत उभं राहावं लागेल."

खाली आल्या तेव्हा सव्वातीन. वहिनीच्या तोंडाचा पट्टा सुरू. "चारला बंद होते गं खिडकी! लोकांचे पाय मोजत बसलीस, आपला पाय कुठे अडकलाय ते बघायचं नाही." रिक्षा एकही थांबेना. तर काका म्हणाले, "केंद्र ना? तिथे मी एकोणीस वर्षं टपाल टाकलंय. पुढच्या गेटने गेलात तर चालत तास लागेल. माझ्या मागून या." आणि तिघं निघाले. काका उजवीकडे झुकत, टाचणी डावीकडे झुकत, मध्ये वहिनी धापा टाकत, गोदामाच्या मागून, छापखान्याच्या बोळातून, एका भिंतीतल्या लोखंडी दारातून थेट केंद्राच्या अंगणात. चारला सात मिनिटं कमी.

खिडकीतल्या क्लार्कने कागद उलटसुलट बघितले, सर्टिफिकेट दोनदा वाचलं, शिक्का मारला, पोच दिली. "सोमवारी मुलाखत. अकरा वाजता. वेळेवर या."

वहिनी तिथल्याच पायरीवर बसली. काकांनी कुठूनतरी पाणी आणलं. तिघंही एकमेकांकडे बघून हसतायत.

मग वहिनीच्या लक्षात आलं की टाचणी जागेवर नाही.

शेजारचं दार उघडं होतं. आत शिवणवर्ग. बारा मशिनी ओळीने, पुढे फळा, फळ्यावर कुणीतरी अर्धवट काढलेली कॉलर. टाचणी सगळ्यात पुढच्या मशीनवर वाकून काहीतरी खटपट करत होती.

"ओ बाई!" क्लार्क खिडकीतून ओरडला. "अजून नोकरी लागली नाही तुम्हाला!"

"माहितीये हो," ती मान वर न करता म्हणाली. "पण सुई उलटी लावलीये. चपटी बाजू ह्या अंगाला पाहिजे. पोरी बिचाऱ्या दिवसभर दोरा तुटतोय म्हणून रडत असतील."

तिने सुई काढली, फिरवून बसवली, स्क्रू घट्ट केला, एका चिंधीवर चालवून बघितलं. खटखट खटखट, अगदी सरळ टाके. मग ती दुसऱ्या मशीनकडे वळली.

"वहिनी," तिथूनच म्हणाली, "तू बस जरा. अजून अकरा आहेत."