बीटवर न बसलेलं नाव

माझ्या धाकट्या दिराचा चंदू कुणाला विचारून काही करत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरला की पहिला हात टेपवर, नमस्कार मागाहून. कोपरला नाक्यावर कॅसेट भरून द्यायचं दुकान काढल्यापासून तर मान आणखी ताठ झालीये. विलायती गोऱ्यांची गाणी एकात एक जोडतो, खाली मशीनचा ढोल सोडतो आणि त्याला रिमिक्स म्हणतो. अशी दहा-बारा गाणी एका कॅसेटीत कोंबून वर छापलं, 'चंदूज डान्स धमाका'. गातात दुसरे, वाजवतं मशीन, नाव याचं.

मी धवलारीण, लग्नात धवले गाणारी. आमच्या कोळ्यांत भटजीला उशीर झाला तर चालतो, धवलारीण नसली तर हळद लागत नाही. धवल्यात मी आधी गावदेवीला बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन हाक मारते. हाक मारली की ती येतात. म्हणून आधी पाट मांडायचा, त्यावर पान, तांदूळ, दारूचा थेंब. सगळं उरकलं की त्यांना परत लावून द्यायचं. पाट नसेल तर नाव घ्यायचं नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मे महिन्यात मोहन्याला भाचीची हळद होती. हळद लागली, पाट उचलला, पोरांनी स्पीकर लावले. कुणी गोरी बाई किंचाळत होती. मी सुकट-भाकरी घेऊन बसले होते, आणि त्या बाईच्या मधूनच माझा आवाज आला. 'ये दामाजी, ये दामाजी, ये, ये, ये, ये.' खाली धाड धाड ढोल.

दामाजी म्हणजे माझे मालक. एरवी मी त्यांचं नाव तोंडावर आणत नाही, फक्त धवल्यात घेते. पोरं त्या नावावर उड्या मारत होती आणि त्यांच्यासाठी पाट कुठेच मांडलेला नव्हता. मी बसले होते तोच पाट पुढे सरकवला, न मोडलेली भाकरी त्यावर ठेवली. बोलावलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं? बायका माझ्याकडे बघत राहिल्या. बघू देत.

आवाज माझा चांगला लागला होता, ते कुणीही सांगेल. माझ्या थोरल्याच्या लग्नात चंदूने मांडवाच्या खांबाला टेप बांधला होता. आठवण म्हणून, असं तेव्हा म्हणालेला.

पुढच्या आठवड्यात तोच चंदू आईला, मंजुळाला, घेऊन माझ्या दारात. त्याचं स्वतःचं लग्न ठरलेलं. मंजुळाने माझ्यापुढे धवल्याच्या आमंत्रणाचा विडा ठेवला.

"जाऊबाई, विडा उचला. चंदूची हळद रविवारी आहे."

"आधी त्याला विचार, माझा आवाज कुठे कुठे विकलान."

चंदू हसला. "काकी, खोपटच्या डेपोपर्यंत रिक्षात तूच वाजतेस. पब्लिक विचारते, ही बाई कोण. फेमस केली तुला."

"आणि तुझ्या काकाला रिक्षात पाट कोण मांडतो? ड्रायव्हर?"

"अगं, गाणं आहे ते. दामाजी बीटवर फिट बसतो, म्हणून घेतला."

"लाव कॅसेट."

खिशातच होती. माझ्याच टेपवर लावली. 'ये, ये, ये' झालं आणि गोरी बाई सुरू झाली. मी बटण दाबून बंद केलं.

"तुझ्या काकाच्या मागोमाग मी कुणाला हाक मारलेली?"

मंजुळाला कळलं. ती नवऱ्याचं नाव घेणार नाही, तिने पदर तोंडाला लावला.

"बाबांना," चंदू म्हणाला.

"मग कुठे गेलं माझ्या दिराचं नाव?"

"'नामा' बसत नव्हतं बीटवर. छोटं नाव आहे ना." मग आईकडे बघून, "पुढच्या कॉपीत घालतो, काकी. शपथ."

मंजुळाने विडा माझ्याकडे आणखी सरकवला. मी तो उचलून तिच्या ओटीत परत ठेवला.

"चंदू, तुझ्या हळदीला मी येईन, बसेन, जेवून जाईन. धवला म्हणणार नाही. आणि मी परत केलेला विडा या गावात दुसरी कुणी धवलारीण उचलत नाही. तुझा बाप बीटवर बसला नाही म्हणून तू त्याला कापलास. आता तो मांडवाबाहेर उभा राहील आणि तू आत हळद लावून घेशील. कॅसेट आहे ना तुझ्याकडे? लाव आणि नाच."