कुणाचा कोल्हा

गुंडीचे कान तपासायला गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली होती. ही चुकली तर पुढची चार महिन्यांनी, असं हॉस्पिटलमधल्या बाईनं फोनवर दोनदा बजावलं. मी दोन्ही वेळा "हो, हो" म्हटलं आणि फोन कोपरानंच बंद केला, कारण दोन्ही हात खळीनं माखले होते.

आमचं बाइंडिंगचं काम. खाली कारखाना, वर आम्ही. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तिच्यात शिलाईची दोन टेबलं, सरस वितळवायची शेगडी आणि कागद कापायचं मशीन. छापलेले कागद घड्या घालून आले की ते सुईदोऱ्यानं एकमेकांना शिवायचे, हे माझं काम. त्यावर पुठ्ठा आणि कापड चढवायचं, हे सासूबाईंचं. मशीन आता काका चालवतात. काका कुणाचेच काका नाहीत. सासऱ्यांच्या काळापासून आहेत, म्हणून सासूबाईसुद्धा त्यांना काकाच म्हणतात.

या मशीनचं पातं खाली आलं की सगळं घर हादरतं. वरच्या मजल्यावर मांडणीतले कप किणकिणतात. सासूबाईंनी ते तीस वर्षं स्वतः चालवलं, त्यात त्यांचा उजवा कान गेला. गुंडी जन्मली ती याच दणक्यात. पाळण्यात असताना ती त्यातही गाढ झोपायची आणि येणारा-जाणारा कौतुक करायचा, की पोर पक्की बाइंडरची आहे. मीही मिरवलं. बसायला लागली तशी वरच्या खोलीत जमिनीवर खेळता खेळता ती प्रत्येक दणक्याला थांबायची, आमच्याकडे बघून हसायची. "बघ कशी ऐकते," सासूबाई म्हणायच्या. "कानांना काय धाड भरलीय तिच्या?"

पण गुंडी वीस महिन्यांची झाली आणि बोलत नव्हती. मागून हाक मारली तर कधी वळायची, कधी नाही. मी तिला ऐकू येत नाही म्हणाले की सासूबाई येतं म्हणायच्या, आणि नेमकी त्या वेळी ती वळायची.

सासूबाईंचं म्हणणं, आमच्यात सगळे उशिराच बोलतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, तीन वर्षांचा होईपर्यंत सगळं बोटानं दाखवायचा, आणि आता गप्प बसायचं काय घेशील म्हणावं लागतं. दोन वर्षांची होऊ दे, मग बघू. खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, कापडाला खळ लावता लावता. एकदा का कागदावर आलं की ते पोरीला जन्मभर चिकटणार. "कागदाचं मला नको सांगूस. जन्म गेला माझा कागदात."

नवऱ्याचं मत होतं की आईचंही बरोबर आहे आणि माझंही. असा माणूस घरात असला की भांडायची पंचाईत.

फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापलेल्या पट्ट्यांचं पोतं टाकायला मागच्या आवारात गेले. नुकतं उजाडत होतं. कतरणीच्या पांढऱ्या ढिगावर कोल्हा उभा होता. हडकुळा, तांबूस, पाय गुडघ्यापर्यंत काळे, जणू मोजे घातलेत. मी थबकले. त्यानं मान एका बाजूला कलती केली आणि तशीच ठेवली.

माझी आई अशी उभी राहायची. गुंडीच्या जन्माच्या तीन महिने आधी ती गेली. काही विचारलं की दाराला टेकून, मान कलती करून ती बघत राहायची. हो नाही, नाही नाही. मग आपण काहीतरी करून मोकळं झालो की म्हणायची, मला माहीतच होतं.

मी पोतं खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "नेऊ ना गं तिला?"

ती ढिगावरून उतरली आणि फाटकाखालून मोठ्या रस्त्याच्या दिशेनं गेली. हॉस्पिटल त्याच रस्त्याला आहे. भाजीबाजार आणि सिनेमाचं थिएटरही त्याच रस्त्याला आहे, पण ते मला संध्याकाळी सुचलं.

मी असल्या गोष्टींतली नव्हे. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते, इतकंच. तरी त्या दिवशी माझे टाके सरळ पडले नाहीत. दोन पुस्तकं उसवावी लागली.

सोमवारी माझा धीर सुटला. गुरुवारचं कळल्यापासून सासूबाई दोन दिवस धड जेवल्या नव्हत्या, नुसतं ताटातलं इकडचं तिकडे करत होत्या. दोऱ्याची रिळं आणायला गेले तेव्हा परतताना गल्लीतच मी हॉस्पिटलला फोन लावला, वेळ रद्द करायला. पलीकडून थांबायला सांगणारं संगीत सुरू झालं. तेवढ्यात दोन गाड्यांच्या मधून काळे मोजे घातलेली ती बाहेर आली. भर दिवसा. रस्ता ओलांडता ओलांडता थांबली आणि वळून बघितलं. मी फोन बंद केला.

दोनदा. एकदा असतं तर सोडून दिलं असतं. पण दोनदा म्हणजे तरी किती? दोन टाके घातले की पुस्तक शिवून होतं का? असं मी स्वतःशी भांडत होते, आणि कुठल्या बाजूनं भांडतेय ते मला सांगता आलं नसतं.

मंगळवारी दुपारी जेवायला बसलो. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गुरुवारचं राहू दे. मला ह्यांनी सांगितलंय."

सासरे जाऊन चार वर्षं झाली. मला वाटलं, स्वप्न पडलं असेल. स्वप्न नव्हतं. गेल्या आठवड्यात तीनदा मागच्या दाराच्या उंबऱ्याशी कोल्हा येऊन बसला होता. जेवण झालं की सासरे जिथं बसायचे तिथंच. जांभईसुद्धा तशीच, आधी डोळे मिटून मग तोंड. सासूबाईंनी मनातल्या मनात विचारलं, की सून घाई करते आहे, काय करू? तर तो तिथंच पाय दुमडून बसून राहिला. हलला नाही. म्हणजे थांब.

माझा घास हातातच राहिला. "आई," मी म्हणाले, "ती माझी आई आहे."

"कोण?"

"कोल्हीण. मीपण बघितली. दोनदा."

सासूबाईंनी डावा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा सगळं सांगितलं, मान कलती करण्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझी आई इथं कशी येईल? तिला आपलं घर कधी सापडलं? एकदा आली होती, तर पुढच्या गल्लीत जाऊन तिसऱ्याच कुणाच्या घरी पाणी पिऊन बसली होती."

हे खरं होतं. त्यामुळे जास्तच लागलं.

"शेपटीचं टोक पांढरं आहे का तुझ्या कोल्ह्याचं?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्या?"

"पांढरंशुभ्र."

"मग तो वेगळा."

"मग वेगळाच असणार."

नवरा इतका वेळ भात कालवत होता. तो म्हणाला, की दोन असतील तर त्यांनाच एकमेकांशी बोलू द्यावं, आणि काय ठरेल ते आपल्याला कळवावं. कुणी हसलं नाही. त्यानं पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा आहे हे दिसल्यावरही तोंडाला लावला.

मी खाली जाऊन काकांना विचारलं. काका सरसाचं भांडं सुरीनं खरवडत होते. म्हणाले, "याच्यापायी येतं ते, सूनबाई. सरस हाडाकातड्यांचा. भांडं खरवडून मी मागं टाकतो, त्या वासानं येतं. थंडीत दरवर्षी येतं."

"एक की दोन?"

"मी काय हजेरी घेतोय त्यांची?"

तिथं हे संपायला हवं होतं. पण डोकं माझं एकदा फिरलं की फिरलं. रात्रभर मला वाटत राहिलं, की यायचं झालं तर कशाच्या तरी वासानं, कशाच्या तरी भुकेनंच यावं लागत असेल. आई काय रिक्षा करून येणार आहे? मग वाटलं, सरसाच्या खरवडीवर मी पोरीचे कान ठरवतेय. मग वाटलं, सासूबाईही तेच करतायत, आणि त्यांचा कोल्हा तीनदा आला, माझा दोनदा.

बुधवारी चार वाजता मशीन थांबलं. मी गुंडीला घेऊन मागच्या आवारात गेले, ऊन खायला म्हणून. सासूबाई आधीच तिथं स्टूल टाकून बसल्या होत्या, मांडीवर कापडाचे तुकडे आणि कात्री. तुकडे कापायला म्हणून. एरवी हे काम त्या आत दिव्याखाली करतात. एकाच पाहुण्याची दोन घरांनी वाट बघावी तसं चाललं होतं. उद्या दहाच्या आत काय ते कळायला हवं होतं.

गुंडी आमच्या समोर मातीत बसली होती. पाठ पत्र्याच्या शेडकडे. काचेच्या बरणीत कागदाच्या पट्ट्या कोंबत होती, एक एक, बोटानं दाबून. शेडखाली सरसाचे रिकामे डबे एकावर एक रचलेले, माझ्या उंचीचे.

कोल्हा भिंतीवरून आला. पत्र्यावर उतरताना त्याचा पाय घसरला, नखं खरखरत खाली आली आणि तो थेट डब्यांवर. सगळी रास कोसळली. डबे शेडच्या फरशीच्या कडेवर आपटले, झाकणं गरगरत राहिली. मी उठून उभी राहिले. सासूबाईंच्या हातातली कात्री पडली. काका आतून डोकावले. भिंतीवरची कबुतरं उडाली.

गुंडी डब्यांपासून तीन हातांवर होती. तिनं आणखी एक पट्टी उचलली, बरणीत घातली आणि बोटानं दाबली.

कोल्हा ओशाळल्यासारखा अंग आक्रसून भिंतीकडेनं पुढे आला. गुंडीच्या समोर आला तेव्हा तिला दिसला. तिचं तोंड उघडं पडलं, बोट वर झालं, आणि ती आम्हाला दाखवायला वळली. कोल्ह्यानं तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे नाही. मग फाटकाखालून गेला. शेपटीचं टोक बघायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

बराच वेळ एक झाकण घरंगळत होतं. ते थांबल्यावर सासूबाई उठल्या. झाकण उचललं, कात्री उचलली, गुंडीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि कात्रीच्या मुठीनं झाकणावर मारलं. मग आणखी जोरात. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा काका दारातून मागे सरकले. गुंडी बोट फाटकाकडे करून बसली होती. कोल्हा परत यावा म्हणून.

"जमीन," सासूबाई म्हणाल्या.

"काय, आई?"

"वर जमीन हादरते. ती जमिनीचं ऐकते. मशीनचं नाही ऐकत." त्या स्टुलावर बसल्या नाहीत, खाली मातीतच बसल्या. "आणि मी सगळ्यांना सांगत फिरले."

"मीपण फिरले, आई."

त्यांनी झाकण मांडीवर ठेवलं. पदरानं पुसलं, उगाचच. मग विचारलं, "किती वाजताची आहे उद्या?"

"दहाची."

"मग साडेआठला निघू. तुझ्या आईसारखं चुकायला नको."

हॉस्पिटलमध्ये काचेची एक लहान खोली होती. गुंडी माझ्या मांडीवर बसली, तिच्या कानांना काय काय लावलं, बाहेरची बाई बटणं दाबत राहिली. सासूबाई काचेबाहेर उभ्या होत्या, डावा कान काचेला लावून. गुंडीला उजव्या कानानं फार थोडं ऐकू येतं, डाव्यानं त्याहून जरा बरं. यंत्रं लावता येतील, वेळ लागेल, बोलेल, पण मेहनत आहे, असं त्या बाईनं सांगितलं. सासूबाईंनी विचारलं, आधी आलो असतो तर? तिनं काहीतरी समजूतदार उत्तर दिलं. शब्द आठवत नाहीत. तिच्या हातातल्या कागदाकडे सासूबाई बघत होत्या, ते आठवतंय. मग त्यांनी तो मागून घेतला, नीट चौकोनी घडी घातली, आमच्यात घालतात तशी, नखानं कड दाबून, आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

आता मला काही समजत नाही. ती माझी आई होती तर मला सरळ सांगायचं सोडून डब्यांवर कशाला पडली? माझी आई भांडी पाडायची, ते खरं. सासरे होते म्हणावं, तर ते थांब म्हणाले होते, आणि आम्ही थांबलो म्हणूनच आवारात बसलो. सरसाच्या वासानं आलेलं जनावर होतं म्हणावं, तर मग आभार कुणाचे मानायचे, काकांचे? आणि कुणी काही सांगितलंच नसेल, तर मी वीस महिने माझ्या पोरीपाशी बसून काय ऐकत होते?

त्या संध्याकाळी काका भांडं खरवडायला लागले तेव्हा सासूबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं. मागच्या दाराशी त्यांनी डब्याची दोन झाकणं ठेवली आणि दोन्हींत थोडी थोडी खरवड घातली.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "कोण कोण येतं, आपल्याला काय कळतंय."

सकाळी दोन्ही झाकणं चाटून लख्ख होती. एकानंच दोन्ही चाटली की दोघं आले होते, हे बघायला मी वाकून मातीतले ठसे शोधले. ठसे होते. किती पायांचे, ते मला मोजता आलं नाही. गुंडी मागून आली. तिनं एक झाकण उचललं, जमिनीवर आपटलं, आणि दुसरा तळवा मातीला लावून बसून राहिली.