साहेबाची खुर्ची

पदवी घेतली निर्वासित मुलांच्या शिक्षणातली, आणि पहिल्याच नोकरीत काम मिळालं साहेब व्हायचं. म्हणजे खोटा साहेब. निर्वासितांची इथे राहण्याच्या परवानगीसाठी सरकारी मुलाखत असते, तिची तालीम आमच्या संस्थेत होते. त्यात अधिकाऱ्याच्या खुर्चीत मी. बाकीचे सगळे मेणाहून मऊ. "तुझ्या जिभेला धार आहे," संस्थेच्या वकीलबाई म्हणाल्या. झालं, नेमणूक पक्की!

घरी आईचं एकच, "लष्कराच्या भाकऱ्या भाज तू." एकदा तिला यायला उशीर झाला, तर मी दारातच सुरू, "कुठे होतीस? सोबत कोण होतं? सकाळी तर वेगळंच सांगितलंस."

"मी काय आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे का गं?" आई पिशवी ठेवत म्हणाली. मी हसले, पण या साहेबगिरीचा मलाही कंटाळा आला होता.

मग एक शिवणकाम करणारी बाई आली, लहान मुलीला घेऊन. परवानगी मिळाली तर मुलीला शाळा, नाहीतर दोघींची परत रवानगी. मायदेशात शिपायांनी नवऱ्याला घरातून उचलून नेलं, ते सांगताना ती अडखळायची. अडखळलं की खरा साहेब संशय घेणार. म्हणून मी रोज तेच विचारलं. दार कोणी उघडलं? तुम्हीच ना? मग का उघडलंत? ती रडली की पाण्याचा पेला पुढे करायचा आणि पुन्हा तेच. मुलगी कोपऱ्यात चित्रं काढत असायची. माझी मलाच चीड यायची.

मुलाखतीत नेमकं तेच विचारलं. बाई अडखळली नाही. परवानगी मिळाली.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मुद्दाम फाटकाशी गेले. खोटं कशाला बोलू, शाबासकी हवी होती. मला बघताच नव्या दप्तरासकट पोरगी आईच्या मागे लपली.

"सगळं तुमच्यामुळे झालं, ताई," बाईने माझा हात धरला. "पण आता येऊ नका. घरी ती मलाच विचारते, आई, तू दार का उघडलंस?"

ऑफिसात परतले, तर एक आजोबा नातीला घेऊन तालमीसाठी बसलेले. मी रंगपेटी उचलली, नातीला वकीलबाईंच्या खोलीत नेऊन बसवलं. दार नीट लावलं. मग खुर्चीत बसले.