दुसरा ‘नी’

कारूच्या ओसाड पठारावरचं हिवाळी ऊन. पांढरं, पर्णहीन, निःशब्द ऊन. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत ताणलेली करडी भूमी, आणि तिच्यावर सपाट माथ्यांचे डोंगर, जेवणारे उठून गेल्यावर मागे राहिलेल्या मेजांसारखे. पाणी नाही. पाण्याची आठवण तेवढी, कोरड्या नदीच्या पात्रात वाळूवर वाळूनंच रेखलेली.

या ऊनगिळ्या, सावलीशून्य माळावरून मीटा चालली आहे. पायाखाली निळसर खडीचा नवा रस्ता. हातात नकाशा. ओठांत गाणं.

नकाशा कचेरीतला. त्यावर कुंपणांच्या रेघा, रेघांत शेतवाड्यांचे आकडे, बाकी सगळं कोरं.

गाणं आईचं.

आई, लेना, गाढवगाडीवर जन्मली आणि गाडीवरच वाढली. वाडीवाडीवर जाऊन मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या त्या भटक्या माणसांना घर नव्हतं, अक्षर नव्हतं. भाषा होती. आफ्रिकान्स. धूलिधूसर, कातरीच्या पात्यासारखी लखलखती. त्या भाषेत लेनानं एकच कविता रचली आणि जन्मभर तीच गायली. कवितेत वाट होती. सूर चढला की चढण. सूर उतरला की कोरडी नदी. श्वास लांबवायचा तिथं माळ, दम संपेपर्यंत माळ.

मोडकी पवनचक्की, डाव्या हाताला
दोन फाटकं, दुसरं कुरकुरतं
उतर
        उतर
                वाळूची नदी
        चढ
निळा दगड गातो तिथं

तिथं, गाणाऱ्या दगडाच्या पायाशी, लेनानं आपलं आठ दिवसांचं मूल पुरलं होतं. आपी. मीटाचा धाकटा भाऊ. लाकडाची फळी नाही, नाव नाही. काठीनं वाजवला की घंटेसारखा घुमणारा तो दगड, एवढीच खूण. दुसऱ्या दिवशी गाडी पुढच्या वाडीकडे निघाली, कारण लोकर थांबत नाही.

कवितेची शेवटची ओळ: हेय स्लाप नी अलीन नी. निजला नाही तो एकटा, नाही.

आफ्रिकान्समध्ये नकार दोनदा येतो. एकदा वाक्याच्या पोटात, एकदा वाक्याच्या शेवटी. दुसरा ‘नी’ आल्याखेरीज वाक्य मिटत नाही. दार उघडं राहतं, वारा आत येतो. लहानपणी आई ‘अलीन’पर्यंत गायची आणि थांबायची. दुसरा ‘नी’ मीटाचा. गाडीच्या मागच्या फळीवर बसून, पाय हलवत, ती तो म्हणायची. मगच आई गाढवांना हाक द्यायची.

आता आई गावाच्या कडेला एका खोलीत पडून आहे. नर्स येते, नाडी पाहते, औषध बदलत नाही. आईचं मागणं एकच.

“मला त्याच्याशेजारी ठेव, मीटा. नगरपालिकेच्या कबरींच्या रांगेत नको. त्या रांगेत माझ्या ओळखीचं कुणी नाही.”

“ठेवीन, मा.”

पवनचक्की सापडली. पाती गळून पडलेली, नुसता सांगाडा आभाळाला टेकलेला. पहिलं फाटक सापडलं. दुसरं अजून कुरकुरत होतं, अगदी गाण्यातल्याच सुरात, आणि मीटाला हसू आलं. उतर, उतर. वाळूची नदी. चढ.

चढाच्या माथ्यावर

                खड्डा.

तीन बाजूंनी तासलेला, नीलधूसर, खोल, रिकामा. कडेला खडी फोडायचं थंड पडलेलं यंत्र, आणि पत्र्याच्या सावलीत चहा पिणारा एक म्हातारा राखणदार.

“ओम,” मीटा म्हणाली. तिकडे काकाला ओम म्हणतात. “इथं एक दगड होता. वाजणारा.”

“होता ना.” सारेल त्याचं नाव. “घण बसला की थेट शाळेची घंटा. आमची माणसं म्हणायची, चला, सुट्टी झाली.” तो हसला, तिचा चेहरा पाहून थांबला. “तुझं काय होतं इथं, पोरी?”

तिनं सांगितलं.

वारा पत्र्यावरून गेला.

“काही दिसलं नाही गं आम्हाला,” सारेल म्हणाला. “यंत्राला दिसत नाही.”

“दगड कुठं गेला?”

त्यानं पेला खाली ठेवला आणि हात लांब केला. चढावरून खाली, नदीपल्याड, फाटकांपल्याड, पवनचक्कीपल्याड, पार गावापर्यंत.

“तू आलीस तो रस्ता.”

ती परत निघाली. गावाकडे दुसरी वाट नव्हती. आधी कडेनं चालली, काट्यांतून, घोटे रक्ताळेपर्यंत. मग काट्यांच्या जागी कुंपण आलं, आणि रस्त्यावर उतरावंच लागलं. पाऊल. खडी. पाऊल. खडी. आठ दिवसांचं मूल, नऊ किलोमीटर लांब.

                पाऊल.

नकाशा तिनं कधी सोडला, कळलं नाही. तो कोरा कागद उन्हात उडत गेला, आणि भूमी त्याच्याइतकीच कोरी होती.

खोलीत मावळतीचं ताम्रमलिन ऊन होतं. आईनं विचारलं काहीच नाही. डोळे मिटलेले ठेवून ती गाऊ लागली. पवनचक्की. फाटकं. नदीशी आवाज तुटला, चढाशी पुन्हा सापडला. निळा दगड. आणि मग, हेय स्लाप नी अलीन

आई थांबली. वाट पाहू लागली.

मीटाच्या जिभेखाली ‘नी’ होता. म्हटला तर खोटा. न म्हटला तर उघडा. ती खाली वाकली आणि उगाच बूट काढू लागली. बुटाच्या तळाच्या खाचेत रुतलेली निळी कपची सुटली, सिमेंटच्या जमिनीवर पडली.

किण्.

आईनं डोळे उघडले. हात पुढे केला. मीटानं कपची तिच्या तळव्यावर ठेवली. तळवा हलला, वजन घेत राहिला, जसं एखादं तान्हं जोखावं.

“एवढाच?”

मीटानं दुसरा बूट काढला.

“एवढाच होता,” आई म्हणाली.

मूठ मिटली. वाक्य उघडं राहिलं. बाहेर रस्ता निळा, मग करडा, मग दिसेनासा. आणि दारातून वारा आत आला, आत आला, आत येतच राहिला.