भाऊंचा गृहपाठ

ठाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेल्या भाऊंची एका गोष्टीबद्दल खात्री होती. जगात कुणीही फसेल, आपण फसणार नाही. त्यामुळे डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात कॉलेजातल्या मृणाल नावाच्या मॅडम मोबाइलवरच्या खोट्या बातम्या ओळखायला शिकवू लागल्या, तेव्हा भाऊ पहिल्या रांगेत जाऊन बसले. शिकायला नव्हे, मान डोलवायला.

मृणालने गृहपाठ दिला : एखादा संशयास्पद व्हिडिओ शोधा आणि त्यातलं खोटं पकडा. भाऊंना लगेच सापडला. एक माणूस पायांनी कणीक तुडवतोय आणि खाली लिहिलंय, 'डोंबिवलीतल्या पोळी-भाजी केंद्राचं भयानक सत्य!' मागच्या पाटीवरची अक्षरं तर आपल्या देशातलीसुद्धा नव्हती. भाऊंनी तो व्हिडिओ संघाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'यातली चूक ओळखा.' लगेच जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या ग्रुपवर निधनापासून नातवाच्या बारशापर्यंत सगळ्यालाच हात जोडतात, पण भाऊंना वाटलं, मंडळी अभ्यासाला लागली.

मंडळी कसली अभ्यासाला लागतात! व्हिडिओ गावभर गेला आणि भाऊंची ओळ ग्रुपवरच राहिली.

काही दिवसांनी भाऊ नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या कल्पिताच्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या घ्यायला गेले. बायको गेल्यापासून त्यांचं जेवण तिथूनच यायचं. एरवी संध्याकाळी उभं राहायला जागा नसे, आज सगळा शुकशुकाट. पोळ्यांची चळत तशीच पडून होती.

"असंच चाललं ना भाऊ, तर दिवाळीच्या आत शटर पाडावं लागेल," कल्पिता म्हणाली. "आसपास केंद्र माझंच, त्यामुळे सगळ्यांचा संशय माझ्यावर. त्यात लोक म्हणतात, कोर्टातल्या भाऊंनी पाठवलंय, म्हणजे खात्री करूनच पाठवलं असणार."

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, तो गृहपाठ होता!"

सगळी हकीकत ऐकून कल्पिताने कपाळावर हात मारला. "मग आता तुम्हीच निस्तरा."

घरी येऊन भाऊंनी कोर्टाच्या भाषेत लांबलचक खुलासा लिहून ग्रुपवर टाकला. त्यालाही सगळ्यांनी हात जोडले. पुढे मात्र कुणीच पाठवला नाही. मग त्यांनी अभिमान गिळून मृणालला फोन केला.

"काका, खुलासा वाचतं कोण?" ती हसू दाबत म्हणाली. "लोकांना काहीतरी बघायला द्या."

दुसऱ्या दिवशी भाऊ कमरेला एप्रन बांधून कल्पिताच्या ओट्यापाशी उभे राहिले. जन्मात चहासुद्धा न गाळलेल्या माणसाची पोळी जशी व्हायची तशीच झाली. ती तव्यावर पडली आणि मागे पोळ्या लाटणाऱ्या बायका पोट धरधरून हसल्या. "इथे पाय फक्त जमिनीवर असतात. या आणि बघा," भाऊ कल्पिताने समोर धरलेल्या मोबाइलकडे बघून म्हणाले. कल्पिताने तो व्हिडिओ टाकला. संध्याकाळी थोडीफार गिऱ्हाइकं परतली.

रविवारी सकाळी संघातल्या रसिकाताईंचा फोन आला. "भाऊ, तुमचा पोळ्या लाटतानाचा व्हिडिओ फिरतोय. खाली लिहिलंय, 'पोरांनी हाकललेल्या वृद्धाला केंद्राने वेठीला धरलं. संतापजनक! सर्वांना पाठवा.'"

भाऊंना वाटलं, संपलं! आपल्या हाताने आपण कल्पिताला दुसऱ्यांदा बुडवलं! त्यांनी घाईघाईने विचारलं, "तुम्ही किती जणांना पाठवलंत?"

"एकालाही नाही! मी केंद्रातूनच बोलतेय. आधी स्वतः बघावं म्हटलं, तर माझ्याआधीच निम्मा संघ इथे हजर. स्वयंपाकघर बघतायत, कल्पिताला उलटसुलट विचारतायत. आणि आलोच आहोत तर पोळ्याही घेतोय."

भाऊंना भलताच आनंद झाला. "माझ्या चार ठेवायला सांगा," ते म्हणाले.

"छे हो, शेवटच्या मीच घेतल्या," रसिकाताई म्हणाल्या.

दुपारी भाऊंनी मजेत ब्रेड खाल्ला.