बाईसाहेब बसल्या

आमच्या ठकीने तोंडातून काढलेला पहिला धड शब्द ‘आई’ नव्हता, ‘बाबा’ तर नव्हताच. एका सकाळी खिडकीचे गज धरून ती उभी राहिली, खाली पाहिलं आणि साऱ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, “बशली!”

खरंच बसली होती. सासूबाईंची गाडी मागचं डावं अंग टाकून, रुसल्यासारखी.

सासूबाईंनी अर्धं आयुष्य शाळेची व्हॅन चालवली. तिचं मागचं दार दोरीने बांधलेलं असायचं, आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत जायचा. व्हॅन सोडली त्या दिवशी त्या म्हणाल्या, “आता खड्डा कळणार नाही अशी गाडी चालवणार. जुनी का असेना.” आणि ही घेऊन आल्या. काळी, उंच, चामडी सीटची. हिला स्प्रिंगा नाहीत, चारही चाकांवर रबरी फुगे आहेत. गाडी सुरू केली की कंप्रेसर त्यांत हवा भरतो आणि ती पाठ ताणून उभी राहते. मी तिचं नाव ठेवलं बाईसाहेब.

नाव ठेवलं खरं, आणि नखरेही तसेच निघाले. आधी एक काच खाली गेली ती वर यायला तयार नाही. मग इंजिनचं पाणी कमी होऊ लागलं, पंप बदलला. मग तेल ठिबकायला लागलं. टायर घ्यायला गेलो तर दुकानदाराने आधी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि मग भाव सांगितला.

“गाडी जुन्याच्या भावात मिळते गं आई, पण तिचे सुटे भाग नव्याच्या भावातच येतात,” माझा नवरा दर वेळी म्हणायचा. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि चाकावर थाप मारून गाडीत बसायच्या. व्हॅनपासूनची सवय. गाडीभोवती एक फेरी, प्रत्येक चाकाला एक थाप, मगच किल्ली.

पण रोज सकाळी गाडी बसलेली दिसायला लागली आणि कंप्रेसर घोगऱ्या आवाजात ओरडायला लागला, तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला. गॅरेजच्या मिस्त्रींनी नुसतं ऐकूनच सांगितलं, “कंप्रेसर संपला. बाहेरून मागवावा लागेल.”

“आई, हा पांढरा हत्ती आहे,” नवरा म्हणाला.

“काळी आहे.”

“थट्टा नको. आज संध्याकाळी मी दलालाला बोलावलंय. बघू तरी काय देतो.”

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “ठीक आहे. आत्ता मी गाडी उभी करते. संध्याकाळी तो येईल तेव्हा ती बसलेली असली तर किल्ली त्याची. उभी असली तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही.”

“कबूल,” तो हसत म्हणाला आणि कामाला गेला. हसणारच, बसणार हे त्याला ठाऊक होतं. आम्हालाही.

मी ठकीला अंघोळीला घेतलं. तिचा टब हवा भरायचा आहे, मागे एकदा गळायला लागला होता. त्याच्या कडेवरचं ठिगळ हाताला लागलं आणि मी थांबले.

“आई, टब गळत होता तेव्हा तुम्ही काय केलं होतंत?”

“काय करायचंय? साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा आला तिथे ठिगळ...” बाहेरचा आवाज थांबला. मग दारात त्याच उभ्या. “अगं!”

मी इस्त्रीच्या फवाऱ्यात ठकीचा शाम्पू आणि पाणी घातलं. खाली जाऊन चाकाच्या कमानीत हात घालणार तोच सासूबाईंनी मला मागे ओढलं. “हवेवर उभी आहे ती! अंगावर बसली तर कागद होईल तुझा.” त्यांनी पाना पायाने दाबून नट सैल केले, जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे सरकवले, चाक उतरवलं, आणि मग म्हणाल्या, “हं, आता मार.”

फुग्यावर मारलं. काही नाही. सगळ्या घड्यांवर मारलं. काही नाही. मग वर, जिथे हवेची बारीक नळी येऊन जोडली जाते, तिथे मारलं. आधी मोहरीएवढा बुडबुडा आला. तो वाटाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. माझ्या कडेवरून ठकीने टाळ्या पिटल्या.

सासूबाईंनी तिथूनच फोन लावला. “मिस्त्री, कंप्रेसर राहू दे. नळीचा जोड घेऊन ये.”

मिस्त्री आले, वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “बिचारा गळक्या बादलीत पाणी भरत होता, म्हणून ओरडत होता. मी ओरडणाऱ्यालाच धरलं!” नळीचं झिजलेलं टोक त्यांनी सरळ कापलं, नवा जोड बसवला. “दमलाय तो, पुढे कधीतरी बदलावा लागेल. पण आज नाही.”

सासूबाईंनी चाक चढवून गाडी पुन्हा उभी केली. मग वाट पाहणं. त्या दुपारी आमच्या घरचा कचरा किती वेळा खाली गेला म्हणून सांगू! दर वेळी सासूबाई डबा घेऊन जायच्या, टायर आणि कमान यांच्यामध्ये बोटं घालून बघायच्या, आणि वर यायच्या. आल्या की चार बोटं दाखवायच्या, म्हणजे फट तेवढीच, गाडी अजून उभी.

दलाल आला तेव्हाही चार बोटंच होती. त्याने गाडीभोवती फेरी मारली, मागून दाबून पाहिलं. “बसते म्हणाला होतात ना?” त्याने नवऱ्याला विचारलं.

“बसतो ना,” सासूबाई म्हणाल्या, “आम्ही, तिच्यात. चला, तुम्हालाही सोडते.”

नवऱ्याने ठकीला घेतलं आणि दलालाशेजारी मागे बसला. मी त्यांच्या मागून चढणार तर सासूबाईंनी पुढचं दार उघडून धरलं. “तू पुढे.” आणि आरशातून मागे बघत दलालाला म्हणाल्या, “ही माझी सून. गळती हिने शोधली.”

ठकी झाल्यापासून मी सगळ्यांची ‘ठकीची आई’ झाले होते. मी पट्टा लावला आणि उगाचच ताठ बसले. कोपऱ्यावरचा तो मोठा खड्डा आला आणि गेला. कुणाला कळलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी खिडकीत उभी होती. खाली सासूबाई कमानीत हात घालून वाकल्या होत्या. त्यांनी वर बघून चार बोटं उंचावली. ठकीने गाडीकडे पाहिलं. हे काय नवीनच, याला शब्द कुठून आणायचा? मग तिनेही आजीसारखे हात वर केले, दोन्ही. गज सुटले. ती तशीच उभी राहिली, कशालाही न धरता.

मग धप्पकन खाली टेकली आणि खदखदून हसली.

“बशली!”